पूर ओसरल्यावर: बडोद्यातल्या एका नववीच्या वर्गाचं प्रकरण

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात आलेला पूर बाहेरगावच्या लोकांना मगरींमुळे आठवतो. छपरावर चढून बसलेल्या मगरीचा व्हिडिओ देशभर फिरला. बडोदेकरांना मात्र त्या दिवसांतलं पाणी आठवतं. २६ ऑगस्टला जन्माष्टमी होती आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पावागडच्या डोंगरांकडून येणारी विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि आजवा सरोवर भरलं की त्याचं पाणीही तिच्यातच उतरतं. तिची धोक्याची पातळी २५ फूट आहे. त्या आठवड्यात ती ३५ फुटांच्याही वर गेली. अकोटा, फतेहगंज, समा, सयाजीगंज या भागांत लोक वरच्या मजल्यांवर अडकले. एनडीआरएफ आणि लष्कर बोटी घेऊन उतरले.

हे प्रकरण पाण्याच्या त्या दिवसांचं नाही. ते त्यानंतरच्या सप्टेंबरचं आहे, कारण पूर ओसरल्यावर माणसांना कशाची गरज असते हे आमच्या नववीच्या मुलांना तेव्हा कळलं. मी त्या शाळेत सामाजिक विज्ञान शिकवते. शाळेचं, मुलांचं आणि वस्तीचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही.

शाळा जुनी आहे. मराठी मंडळींनी काढलेली, पूर्वी मराठी माध्यमाची. आता गुजराती माध्यमाचे वर्ग भरलेले असतात आणि मराठी घरांतली मुलं सगळ्या तुकड्यांत विखुरलेली आहेत. आम्हा शिक्षिकांना सगळेच ‘बेन’ म्हणतात. दर्शनी भिंतीवर ‘सत्य, सेवा, स्वावलंबन’ असे तीन शब्द रंगवलेले आहेत आणि दर दिवाळीत त्यांना नवा रंग मिळतो. असे शब्द बहुतेक शाळांच्या भिंतींवर असतात. माझ्या मते या प्रकरणात खरं काम केलं ते शाळेच्या दोन सवयींनी, आणि त्या भिंतीवर कुठेच लिहिलेल्या नाहीत.

पहिली सवय वर्गसफाईची. आपला वर्ग, व्हरांडा आणि स्वच्छतागृह मुलांनी पाळीपाळीने साफ करायचं. पाळी हजेरीच्या क्रमांकाने येते, कुणाला सूट नाही, मुख्याध्यापकांच्या मुलालाही नव्हती. दुसरी सवय शनिवारच्या पुस्तक-दुरुस्तीची. आमच्या ग्रंथपालबेन मुलांना मैद्याची खळ करायला, फाटलेल्या पानाला पातळ कागदाची पट्टी लावायला, सुटलेली बांधणी शिवायला शिकवतात. बडोद्याच्या ग्रंथालय परंपरेवर त्यांचं मनापासून प्रेम आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीच्या भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला आणि पुढे १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डेन यांना बोलावून गावोगावच्या ग्रंथालयांची घडी बसवली. लाकडी पेट्यांमधून पुस्तकं खेड्यांत फिरत. वाचायला शिकवायचं आणि मग वाचायला काही द्यायचं नाही, हे महाराजांना पटणारं नव्हतं, असं ग्रंथपालबेन दर वर्षी नव्या मुलांना सांगतात. ही परंपरा पुराच्या चिखलात उपयोगी पडेल असं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं.

शाळा पुन्हा भरली त्या दिवशी नववीने स्वतःहून मदत गोळा करायचं ठरवलं. दोन दिवसांत कपड्यांचा ढीग जमला, बिस्किटांचे पुडे आले, कुणी जुनी दप्तरं आणली. मुलांचा उत्साह खरा होता. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र गप्प होता. त्याचं घर नदीकाठच्या सखल वस्तीत. घरातल्या गाद्या, धान्य आणि त्याची स्वतःची पुस्तकं पाण्यात गेलेली. हे त्याने वर्गात कुणालाच सांगितलं नव्हतं आणि कपड्यांच्या गाठोड्यांना दोऱ्या तो बाकीच्यांच्या बरोबरीने बांधत होता. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने हे ओळखलं आणि मधल्या सुटीत मला येऊन हळूच सांगितलं.

या प्रकरणाला इथे वळण लागलं. मदत देणारे आणि घेणारे एकाच वर्गात बसलेले होते. असं बहुतेक शाळांत असतं, फक्त आपल्याला ते दिसत नाही. मी त्या मुलाशी एकट्याने बोलले. त्याने दोनच गोष्टी मागितल्या. वर्गाने त्याच्या घरी येऊ नये, आणि कपडे आणू नयेत, कारण वस्तीत कपडे पुष्कळ आले होते. त्याच्या घराकडे आमच्या व्यायामशिक्षकांनी गाजावाजा न करता लक्ष दिलं. वर्गाला पुढे कुठे काय लागतं हे सांगायला तो तयार झाला, आणि पुढच्या दिवसांत तोच आमचा वाटाड्या होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पाच-सहा मुलं, दोन पालक आणि मी त्याच्यासोबत वस्तीत गेलो. गणपती अगदी तोंडावर आले होते. पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांत शहराने जीव ओतून खिचडी, पुरी-भाजी, पाण्याच्या बाटल्या पोचवल्या होत्या. बडोद्याचं ते मोठेपण मला कमी लेखायचं नाही. पण ७ सप्टेंबरला गणपती बसणार होते, मंडळं आपापल्या मांडवांकडे वळली होती आणि गाड्या येणं थांबलं होतं. घरांत गाळ वाळून चिकटला होता. एका मुलीने एका वयस्क बाईंना विचारलं की तुम्हाला काय आणून देऊ. त्या म्हणाल्या, “कपडां तो बहु आव्यां, बेटा. आ कागळियां जुओने.” (कपडे तर पुष्कळ आले, हे कागद बघा ना.) आणि त्यांनी ओट्यावर एक प्लॅस्टिकची पिशवी रिकामी केली. रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, आधारकार्डाच्या झेरॉक्स, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. सगळं एकमेकांना चिकटून एक ओला गठ्ठा झालेला.

आमच्या मुलांना ती वस्तू ओळखीची होती. चिकटलेली पानं ओढायची नाहीत, हे त्यांना शनिवारच्या तासांमुळे ठाऊक होतं.

पुढच्या दिवसांत शाळेचं ग्रंथालय हे कागद वाळवायचं ठिकाण झालं. ग्रंथपालबेननी पद्धत घालून दिली. गाळ लागलेला कागद उथळ परातीत स्वच्छ पाण्यात धरून हलकेच धुवायचा, चोळायचा नाही. छापील वर्तमानपत्रावर ठेवायचा नाही, कारण शाई उतरते. कोरा कागद किंवा जुनं सुती कापड घ्यायचं. उन्हात टाकायचा नाही, पंख्याखाली सावलीत वाळू द्यायचा. चिकटलेली पानं थोडी दमट असतानाच पातळ पट्टीने एका कडेने सोडवायची, आणि सुटत नसली तर तशीच ठेवायची. शाईच्या पेनाने लिहिलेलं असेल तर आधी फोटो काढायचा, मग पाणी लावायचं. प्रत्येक घराच्या कागदांना एक क्रमांक द्यायचा आणि कोणता कागद कुणी दिला, कुणी घेतला याची वहीत नोंद ठेवायची. शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा होता. एखाद्याचा एकुलता एक दाखला आपल्याकडून हरवला तर त्याच्यासाठी तो दुसरा पूर ठरला असता. कागद शाळेत आणण्यापेक्षा शक्य तितके वस्तीतच वाळवायचे, हेही लवकरच ठरलं.

कागद एवढे का लागत होते, तर सरकारी मदतीसाठी. सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने पूरग्रस्त छोट्या व्यावसायिकांसाठी मदत जाहीर केली. लारी-रेकडीवाल्यांना, म्हणजे हातगाडीवाल्यांना, ५,००० रुपये, चाळीस चौरस फुटांपर्यंतच्या कायम केबिनला (टपरीला) २०,०००, त्याहून मोठ्या केबिनला ४०,००० आणि ठरावीक उलाढालीपर्यंतच्या लहान-मध्यम पक्क्या दुकानांना ८५,०००. घरवखरीची, म्हणजे घरसामानाची, मदत आणि कॅशडोल, म्हणजे रोजच्या खर्चासाठीची रोख मदत, वेगळी. वस्तीतल्या बऱ्याच घरांचा धंदा लारीवरच होता: भाजी, शेंगदाणे, सेव-उसळ, इस्त्री. फॉर्म गुजरातीत. वस्तीतली काही कुटुंबं खानदेशातून, काही मध्य प्रदेशातून आलेली. त्यांना गुजराती बोलता यायची, पण लिहिता-वाचता नाही.

सेव-उसळीची लारी चालवणारं एक खानदेशी जोडपं होतं. काकींचं बोलणं गुजरातीत सुरू व्हायचं आणि घाई झाली की अहिराणीत घसरायचं. कचेरीतून आलेल्या माणसासमोर त्या “हां भाई, हां भाई” म्हणत राहिल्या आणि नुकसान काय झालं ते सांगायचंच राहून गेलं. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी आजी अहिराणी बोलते. शाळेत ती तसं कधी बोलत नसे. इथे ती काकींशेजारी पाटावर बसली आणि सगळं त्यांच्याच बोलीत विचारून घेतलं. लारी वाहून गेली की मोडली, गॅसची शेगडी, पातेली, कपाटातलं सामान. मग तिने ते गुजरातीत उतरवलं आणि काकींना वाचून दाखवलं. काकींनी दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्या आणि मग अंगठा न लावता सही केली. त्या मुलीला शाळेत मराठी, गुजराती आणि हिंदीत मार्क मिळतात. अहिराणीचा उपयोग तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला, आणि तिच्या चेहऱ्यावर ते वाचता येत होतं.

एक गोष्ट ग्रंथपालबेननी मुलांना पुन्हा पुन्हा बजावली: कुणालाही “पैसे येतील” असं म्हणायचं नाही. “अर्ज दिला आहे, पोच ही घ्या” एवढंच म्हणायचं. पहिल्याच दिवशी एका मुलाने भाजीवाल्या काकांना उत्साहाने शब्द दिला होता, त्यामुळे हा नियम आला. धीर देणं आणि वचन देणं यांतला फरक चौदा वर्षांच्या मुलांना समजतो, पण तो कुणीतरी समजावून द्यावा लागतो.

गाळ काढायचं काम याला समांतर सुरू होतं आणि तेच जास्त नाजूक होतं. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. त्यामुळे गमबूट आणि हातमोजे नसलेल्याला फावडं मिळत नव्हतं. अंगावर जखम असलेली मुलं कागदांच्या कामावर. नदीच्या पात्राकडे कुणी फिरकायचं नाही, पाणी साचलेल्या खड्ड्यात उतरायचं नाही, विजेच्या बोर्डाला हात लावायचा नाही. काम झालं की साबणाने कोपरापर्यंत आणि गुडघ्यापर्यंत धुवायचं. मुलांसोबत मोठी माणसं कायम. गाळ वाळून घट्ट झाला की उकरायला दुप्पट मेहनत पडते, म्हणून आधी पाणी शिंपडून मऊ करायचा, घमेल्यांतून बाहेर काढायचा आणि शेवटी ब्लीचिंग पावडर टाकून फरशी धुवायची. ज्या घरी एकटी वृद्ध बाई किंवा आजारी माणूस आहे ती घरं आधी. हा क्रम वस्तीतल्या बायकांनीच लावून दिला.

फावडी कुणाच्या हातात जातात याकडे मी बारकाईने पाहत होते, आणि अशा उपक्रमांवर लिहिणाऱ्या लोकांनी याबद्दल बोललं पाहिजे असं मला वाटतं. आपल्याकडे घाण उपसायचं काम जातीने वाटलेलं आहे. ‘सेवा’ म्हणत उपक्रम सुरू होतो आणि तासाभरात दिसतं की ज्यांचे आईवडील आधीच दुसऱ्यांची घाण साफ करतात त्यांचीच मुलं चिखलात आहेत आणि बाकीची फोटो काढत आहेत. आमच्याकडे तसं झालं नाही, कारण गाळाच्या कामाची पाळीही हजेरीच्या क्रमांकानेच लागली. मुलांना त्यात नवं काही वाटलं नाही. सहावीपासून ती स्वच्छतागृह धूत आली होती. कुणी नाक मुरडलं नाही असं नाही, पण नाक मुरडूनही फावडं हातात घ्यायचं असतं हे त्यांना माहीत होतं. फोटोंवर शाळेने बंदी घातली. कागदपत्रांच्या नोंदीसाठी एकच फोन आणि तो ग्रंथपालबेनकडे.

सगळे पालक खूश नव्हते. एक वडील शाळेत आले आणि म्हणाले, “बेन, मी मुलाला शिकायला पाठवतो, गटार उपसायला नाही.” त्यांची आजाराबद्दलची काळजी रास्त होती आणि मुख्याध्यापकांनी ती रास्त मानली. ज्या घरून लेखी संमती आली नाही ती मुलं शाळेतच कागदांच्या कामावर राहिली. या वडिलांचा मुलगा त्यातच होता आणि चिकटलेली पानं सोडवण्यात त्याचा हात सगळ्यांत हलका निघाला. वडिलांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. काही मुलींना घरून संध्याकाळी बाहेर राहायची परवानगी मिळाली नाही. त्यांच्यासाठी कामाची वेळ शाळेच्या तासांत आणावी लागली.

माझ्या मते सगळं प्रकरण या वेळेच्या प्रश्नावर उभं आहे. सप्टेंबरच्या मध्याला नववीची चाचणी ठरलेली होती. मुलं तीन दिवस वस्तीत गेल्यावर चौथ्या दिवशी निम्मी आली नाहीत. अभ्यास राहिला होता आणि घरून ओरडा बसत होता. उत्साह संपला नव्हता, वेळ संपला होता.

१९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत प्रिन्स्टनला एक प्रयोग प्रसिद्ध केला. धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत दारापाशी पडलेला होता. तो प्रयोगाचा भाग होता. काहींच्या भाषणाचा विषय बायबलमधल्या परोपकारी शोमरोनी माणसाची कथा हाच होता, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची. मदत कोण करतो यावर त्या विषयाचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. परिणाम दिसला तो घाईचा. ज्यांना वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, मध्यम घाईतले ४५ टक्के, आणि “तुम्हाला उशीर झालाय” असं सांगितलेल्यांतले अवघे १० टक्के. दयेवर भाषण द्यायला निघालेली माणसं घाईत असली तर पडलेल्या माणसाला ओलांडून जातात.

मी हे मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी चाचणी पुढे ढकलली आणि त्या काळापुरते शेवटचे दोन तास वस्तीच्या कामाला दिले. गणिताच्या शिक्षकांना ते पटलं नाही आणि त्यांनी स्टाफरूममध्ये ते स्पष्ट सांगितलं. तरी त्यांनी स्वतः शनिवारी जादा तास घेऊन भाग पूर्ण केला. त्यांच्या त्या जादा तासांशिवाय हे काम टिकलं नसतं. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सेवेचा उल्लेख मूल्यांत आहे आणि सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूदही आहे. पण कोणत्या तासाला, कोणाच्या तासातून, हे प्रत्येक शाळेला आपापल्या वेळापत्रकातच ठरवावं लागतं. मुलं भिंत वाचत नाहीत, वेळापत्रक वाचतात. शाळा कशासाठी वेळ सोडते त्यावरून शाळेला काय महत्त्वाचं वाटतं हे ती अचूक ओळखतात.

निकाल सरळ नव्हते. बरेचसे कागद वाचण्याजोगे झाले. काही गेलेच, जुन्या शाईने लिहिलेला एक जन्मदाखला कोरा निघाला आणि ती नक्कल नव्याने काढायला अर्ज करावा लागला. अर्ज भरून दिलेल्यांपैकी काहींना मदत मिळाली. सेव-उसळवाल्या काकींच्या खात्यात ५,००० रुपये जमा झाले तेव्हा त्यांनी मुलीच्या आजीसाठी डबा पाठवला. भाजीवाल्या काकांचं प्रकरण अडलं. लारी भाड्याची होती आणि नोंदीत नाव कुणाचं लागावं यावर मालकाचा आणि त्यांचा वाद झाला. ज्या मुलाने त्यांना शब्द दिला होता तो काही दिवस त्यांच्या गल्लीतून जायचं टाळत होता. मग एकदा स्वतःच जाऊन भेटला. काकांनी त्याला चहा पाजला आणि पैशांचा विषय काढला नाही.

मुलांमध्ये काय बदललं, यावर मी मोठे दावे करणार नाही. काही मुलं चाचणीनंतर आपल्या आयुष्यात परत गेली आणि त्यात वावगं काही नाही. काही जणी अजून महिन्यातून एकदा वस्तीत जातात, बायकांना बँकेचे आणि रेशनचे कागद वाचून दाखवतात. ठळक बदल मला एकच दिसला: आता मुलं आधी विचारतात. हिवाळ्यात ब्लँकेट-वाटपाची सूचना आली तेव्हा वर्गातूनच प्रश्न आला, “कुणाला हवीत ते कुणी विचारलंय का, बेन?” आणि शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाने एकदा नागरिकशास्त्राच्या तासाला स्वतःहून सांगितलं की वाटाड्याचं काम केलं म्हणून त्याला वर्गात राहता आलं. कपडे घ्यायला रांगेत उभं राहावं लागलं असतं तर तो शाळा सोडून मामांकडे गेला असता.

२०२५ च्या जूनमध्ये, पावसाच्या आधी, नव्या नववीने त्याच वस्तीत घरोघर जाऊन कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून दिल्या. एक प्रत घरात, चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून छताजवळच्या खिळ्याला, आणि दुसरी वरच्या भागात राहणाऱ्या नातेवाइकाकडे. ज्यांच्या लाऱ्या भाड्याच्या आहेत त्यांच्याकडे मालकाशी झालेल्या व्यवहाराची साधी लेखी चिठ्ठी असावी, असा प्रयत्न मुलं करत आहेत. बरेच मालक सही द्यायला तयार नाहीत. भाजीवाल्या काकांच्या मालकाने मात्र ऑगस्टात सही दिली, आणि आता बाकीच्या मालकांकडे जाताना मुलं ती चिठ्ठी नमुना म्हणून सोबत नेतात.